उलट्या स्क्रीनवरची मावशी

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. 'आमचा' ही नुसती जिभेची सवय. बाबा गेल्यापासून तो माझ्या एकटीचा आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. आई मी कॉलेजात असतानाच गेली. भाऊ नाशिकला असतो, त्याचा संसार तिकडे. माझं लग्न दोनदा जमता जमता राहिलं. मग बाबांच्या आजारपणात तो विषय कुणी काढला नाही, आणि बाबा गेल्यावर विषय काढायला कुणी उरलंच नाही.

मी लग्नांचे व्हिडिओ काढायचे. मी बाई आहे म्हणूनच मला काम मिळतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मुसलमानांच्या घरी लग्न असलं की बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरावाला चालत नसे, मग 'व्हिडिओवाली बाई'ला बोलावणं यायचं. हळूहळू बाकीची घरंही बोलवू लागली. हळद लागताना, मेंदी काढताना, आतल्या खोलीत नवरीला साडी नेसवताना मी कोपऱ्यात उभी असायचे. पण दिवसभर एवढी माणसं डोळ्यासमोरून जाऊनही माझ्याशी असं कुणी बोलायचं नाही. "ताई, आमच्या जाऊबाईले घेतलं का?" "ताई, इकडून घ्या." ते बोलणं कॅमेऱ्याशी असायचं, मी फक्त त्याच्या मागे उभी असायचे. जेवायला शेवटच्या पंगतीला, मांडव उतरवणाऱ्या माणसांबरोबर. मग घरी येऊन जिना चढायचा आणि कॅसेटा टेबलावर ठेवायच्या.

एक गोष्ट मात्र मला आवडायची. कॅमेऱ्याच्या बाजूला उघडणारी छोटी स्क्रीन होती. पोरीबाळी, बाया माझ्या मागे येऊन त्यात डोकावायच्या. "अवं, थे पाह्य, मी दिसून राह्यली!" डोकावताना त्यांचे हात माझ्या खांद्यावर यायचे, कुणाची हनुवटी माझ्या दंडाला लागायची. कित्येक दिवस मला माणसाचा स्पर्श व्हायचा तो तेवढाच.

बाबांच्या कपाटात त्यांच्या जुन्या फोटोच्या कॅमेऱ्याच्या दोन लेन्स होत्या, एक आखूड आणि एक लांब. कॅमेरा कधीच बंद पडला होता, पण लेन्स स्वच्छ होत्या. बाबांनी त्या लेन्सनी काढलेल्या फोटोंत माणसाचा चेहरा तेवढा लख्ख असायचा आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. माझ्या व्हिडिओत तसं कधीच होत नसे. नवरी जेवढी स्पष्ट, तेवढाच तिच्या मागचा पाण्याचा ड्रम, आणि तेवढीच भिंतीवरची पाल. मला फार वाईट वाटायचं त्याचं. एकदा नेट कॅफेत बसून शोधता शोधता वाचलं की व्हिडिओ कॅमेऱ्याच्या पुढे फोटोची लेन्स लावता येते. मध्ये फक्त एक जोडनळी लागते. त्या नळीत दुधी काच बसवायची, लेन्सचं चित्र त्या काचेवर पडतं आणि व्हिडिओ कॅमेरा ते काचेवरचं चित्र टिपतो. मी ते पान छापून घेतलं आणि चष्मेवाल्या चाचांकडे गेले.

चाचांचं दुकान दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. बाबांचे जुने दोस्त. काचा घासण्यात सगळं आयुष्य गेलेलं. त्यांनी ते पान डोळ्याजवळ धरून पाहिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण चित्र बघून त्यांना सगळं कळलं.

"ही दुधी काच मी घासून देतो," ते म्हणाले. "अन् इथं जे हाय ना, हे तर आपलं प्लस नंबरचं भिंग. कॅमेऱ्याले जवळचं दिसावं म्हनून. कॅमेऱ्याले चाळिशीचा चष्मा लावून राह्यली तू, बेटा."

हिवाळ्याचे दोन महिने आम्ही ती नळी बनवत होतो. नळी प्लंबरकडच्या प्लास्टिक पाइपची. पुढची कडी बाबांच्या बंद कॅमेऱ्याची काढलेली. काच चाचांनी तीनदा घासली. पहिल्यांदा चरे दिसले, दुसऱ्यांदा फार दाट झाली, तिसऱ्यांदा जमली. दुपारी चार वाजले की मी शटर ओढून त्यांच्याकडे जायचे. ते चहा मागवायचे, बशीत ओतून प्यायचे आणि मग काम. खरं सांगायचं तर नळी लवकर होऊ नये असंच मला वाटायचं.

झाली एकदाची. कॅमेऱ्याला नळी, नळीला बाबांची लांब लेन्स. मी गल्ल्यामागे बसलेल्या चाचांकडे रोखून स्क्रीन उघडली आणि लेन्सची कडी फिरवत गेले. धूसर, धूसर, आणि एकदम त्यांची पांढरी दाढी केसन् केस दिसली. मागचे चष्म्यांचे सगळे रॅक विरघळून गेलेले. अगदी बाबांच्या फोटोसारखं. फक्त चाचा डोक्यावर उभे होते. टोपी खाली, दाढी वर.

"चाचा, तुमी उलटे दिसून राह्यले."

ते उठून माझ्या बाजूला आले, पाहिलं आणि इतके हसले की त्यांना खोकला लागला. "भिंग उलटंच दाखवते बेटा. आपल्या डोळ्यातबी उलटंच पडते, सीधं करते तो दिमाग. आता तुलेच दिमाग लावा लागन."

टेपवर जे उतरत होतं तेही उलटंच. ते मी घरी काँप्युटरवर सुलटं करू शकत होते, त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती काढतानाची. माणूस उजवीकडे चालला की स्क्रीनवर डावीकडे जायचा. स्क्रीनच्या खालच्या कडेला डोकं कापलं जातंय म्हणून कॅमेरा खाली न्यावा, तर डोकं आणखीच निसटायचं. मी रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्यावरच्या माणसांवर सराव करायचे. पहिले काही दिवस गरगरायचं. मग हाताला कळायला लागलं. बाबा सांगायचे की त्यांच्या तरुणपणी ते ज्या स्टुडिओत शिकले, तिथे काळ्या कापडात डोकं घालून काढायचा कॅमेरा होता, त्याच्या काचेवरही गिऱ्हाईक उलटंच दिसायचं. "आठ दिवसांत सवय होते," म्हणायचे. मला महिना लागला, पण झाली.

पहिलं लग्न गावातच होतं, एका किराणा दुकानदाराच्या मुलीचं. बायकांच्या खोलीत मी नळी लावलेला कॅमेरा घेऊन उभी राहिले. नेहमीप्रमाणे चार पोरी मागे आल्या, एक हात खांद्यावर पडला आणि लगेच उचलला गेला.

"या अल्ला! उल्टा काहे दिखा रही?"

"दुल्हन को उल्टा लटका दिया बाई ने!"

हसू झालं. एक म्हातारी मात्र हसली नाही. तिने मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "बेटी, नवरीले असं उलटं पाह्यनं बरं नाई. कोनाले दाखवू नको."

मी घरी आले आणि बाबांच्या काळ्या कापडाचा एक तुकडा कापून स्क्रीनला झापड शिवलं. फक्त मला आत बघता येईल एवढीच फट. त्यानंतर कुणी मागे यायचं नाही. यायचं तरी कशाला, झापडात दिसत काहीच नव्हतं. व्हिडिओ मात्र इतका सुंदर उतरायचा की लोक सीडी पाहून दुसऱ्यांना माझं नाव सांगू लागले. काम वाढलं. आणि मी मांडवात त्या कापडात तोंड खुपसून उभी असायचे, चहूकडून ढोल वाजत असायचा, आणि कापडाच्या आत माझाच श्वास मला ऐकू यायचा.

चैत्रात मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरचं लग्न आलं. तिथली बरीच माणसं ऊसतोडीला जातात. ती परत आली की तांड्यावर लग्नांची घाई उडते. नवरी विशीची असेल. तिची आई ती रांगत असतानाच गेली होती आणि तिला आत्याने वाढवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की मांडवात सगळ्यांची धावपळ चालू आहे आणि मांडवापासून बरीच लांब, लिंबाच्या झाडाखाली, एक पन्नाशीची बाई एकटीच उभी आहे. अंगावर हिरवी साडी, डोक्यावरून पदर. लोक जेवायला बसले होते. मला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं, म्हणून मी लांब लेन्स लावली आणि तिच्यावर रोखली.

कापडाच्या आत ती बाई उलटी, इवलीशी उभी होती. मागचा मांडव, त्याच्या पताका, रंगीत कापडं सगळी मिसळून नुसते रंगांचे गोळे झालेले. त्यात तिचा चेहरा तेवढा लख्ख. तिचे ओठ ताणलेले होते, गाल वर आले होते. ती हसत होती. कुणाकडे बघून नाही, आपल्या आपणच. मला वाटलं, पोरीच्या लग्नाचा आनंद आहे आणि तो सांगायला जवळ कुणी नाही. मला ती फार आवडली. मी किती तरी वेळ कॅमेरा तिच्यावरून हलवला नाही. मनात म्हटलं, मावशी, तुम्ही अन् मी, दोघीच काय त्या बाजूला.

नवरी निघाली तेव्हा बायांनी तिला गळ्याशी धरून रडणं सुरू केलं. त्यांच्याकडे तसं गाऊन गाऊन रडतात. नवरी एकेकीच्या गळ्यात पडत होती. लिंबाखालची ती बाईही आता तिथे होती. नवरी तिच्याकडे आली, "याडी" म्हणाली. याडी म्हणजे त्यांच्या भाषेत आई; तिला वाढवणारी आत्या ती हीच. बाईने पोरीला धरलं, पण रडली नाही. ताठ उभी राहिली, पोरीच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला आणि तिला गाडीकडे ढकलल्यासारखं केलं. माझ्या मागे कुणीतरी बाई म्हणाली, "पाह्य, डोयात टिपूस नाई हिच्या." मला त्या बोलणारीचा राग आला. मी मनात म्हटलं, कशाला रडेल, ती खुश आहे, मी पाहिलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टेप काँप्युटरवर घेतली आणि सगळं चित्रण सुलटं करायला लावलं. ते काम हळूहळू व्हायचं. मी खाली शटर उघडून आले, चहा केला, वर येऊन पाहायला बसले. हळद झाली, मंगलाष्टकं झाली. मग लिंबाचं झाड आलं.

ती बाई रडत होती.

हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. ओठ घट्ट ताणून ती हुंदका आत दाबत होती. गाल वर आले होते ते त्याच्यामुळे. पदराचं टोक तिने दातांत धरलं होतं आणि डोळ्यांतून नुसती धार लागली होती. मध्येच ती मांडवाकडे पाहायची, कुणी बघत नाही ना याची खात्री करायची, आणि पुन्हा रडायची. मी उलटी पाहत होते तेव्हा तिच्या ओठांची टोकं वर गेलेली दिसत होती. सुलटं केल्यावर ती खाली आली.

मी चित्र थांबवलं. एक बाई लपून रडत होती, आणि मी तिच्यावर लेन्स रोखून, ती किती छान हसते असं म्हणत, तिला बघत बसले होते. इतकंच नाही, तिच्या त्या हसण्यात मी स्वतःला सोबत शोधली होती. त्या दिवशी मी दुकान उघडंच टाकून सरळ चाचांकडे गेले.

"चाचा, मले ही स्क्रीन सुलटी पाह्यजे. काहीबी करा."

माझा चेहरा बघून त्यांनी का ते विचारलं नाही. हातातला चष्मा बाजूला ठेवला आणि कॅमेरा घेतला. स्क्रीन उघडली, मिटली, फिरवली. एक गोष्ट आम्हाला दोघांनाही माहीत होती. स्क्रीन फिरवून पुढच्या माणसाकडे केली, म्हणजे त्याला स्वतःला बघता यावं म्हणून, की कॅमेरा आपोआप चित्र उलटवतो.

"म्हंजे याले येते उलटवता," चाचा म्हणाले. "पन स्क्रीन फिरली हे याले समजते कसं?"

ते विचार करत बसले. त्यांच्यासमोर नेहमीसारखी लोहचुंबकाची कांडी होती. चष्म्याचे बारीक स्क्रू सांडले की ते त्या कांडीने उचलायचे. सहज हाताचा चाळा म्हणून त्यांनी ती कांडी उचलली आणि कॅमेऱ्याच्या बिजागरीपाशी नेली. स्क्रीन लुकलुकली आणि चित्र फिरलं.

त्यांनी कांडी लांब नेली, चित्र पुन्हा पहिल्यासारखं. जवळ आणली, फिरलं.

"लोहचुंबकानं समजते त्याले!" चाचा लहान पोरासारखे ओरडले. मग एकदम गंभीर झाले. "पन कॅसेटजवळ नको नेऊ. कॅसेट मिटून जाईन." त्यांनी पेटीतून तांदळाएवढा चुंबकाचा तुकडा शोधला, बिजागरीवर मिलीमीटर मिलीमीटर सरकवत नेमकी जागा काढली आणि वर चिकटपट्टी लावली. नळी बसवून पाहिलं. चाचांच्या गल्ल्यासमोर बसलेलं गिऱ्हाईक आता सरळ बसलेलं दिसत होतं, डोकं वर आणि पाय खाली. फक्त आरशातल्यासारखं, उजवं डावीकडे.

"एक चीज सीधी झाली," चाचा म्हणाले, "दुसरी तू सांभाळ."

त्यानंतर आठ दिवसांनी ती मावशी स्वतःच माझ्या दुकानात आली. बाजाराचा दिवस होता. काळ्या-पिवळ्या जीपमधून उतरून, विचारत विचारत पोचली होती. सीडी झाली का म्हणून विचारायला. मी तिला ओळखलं.

"झाली नाई अजून, मावशी," मी म्हटलं. "बसा ना."

"पोरगी फोन करून राह्यली रोज. सासऱ्याच्या घरी टीवी हाय म्हने. सिडी पाठवा म्हनते."

तिला न विचारता ते चित्र सीडीत ठेवायचं नाही, आणि न विचारता काढायचंही नाही, हे मी तोवर ठरवलं होतं. मी तिला वर नेलं. काँप्युटरसमोर माझी एकच खुर्ची होती, ती तिला दिली. आणि लिंबाच्या झाडाखालचं चित्रण लावलं.

ती बघत राहिली. रडली नाही. फक्त खुर्चीची कड तिने घट्ट धरली. संपल्यावर म्हणाली, "हे कवा काढलं वं तू?"

"लोक जेवत होते तवा."

"मले वाटलं कोनीच नाई."

"चुकलं माझं, मावशी. मले उलटं दिसत होतं. मले वाटलं तुमी हसून राह्यल्या."

तिने माझ्याकडे वळून नीट पाहिलं. मी खोटं बोलते की काय, हे बघत असावी. मग म्हणाली, "सगळ्याइसमोर रडली असती त पोरगी गाडीत बसलीच नसती. लहानपनापासून तशीच हाय. मी रडली का ते गळ्यात पडते अन् सोडत नाई. म्हनून आधीच रडून घेतलं." "हे काढून टाक. तिनं हे पाह्यलं त तिचं मन तिथं लागन नाई."

"काढतो," मी म्हटलं.

"मंग मी कुठं दिसन यात?"

मला आधीच माहीत होतं. मी सगळं चित्रण दोनदा पाहिलं होतं. ती दिवसभर चुलीपाशी, पाण्यापाशी, मागेमागेच होती. शेवटी पोरीला निरोप देताना दिसत होती, पण तो चेहरा दगडासारखा होता.

"जास्त कुठं नाई, मावशी."

रस्त्यावरून बाजाराचा गोंधळ वर ऐकू येत होता. मग तिने विचारलं, "मले हसून घेता येईन का आता?"

मला पटकन कळलं नाही.

"म्हंजे तसंच, झाडाखाली. थेच साडी घालतो मी. हसतो. तू घे, अन् त्या जाग्यावर लाव. पोरगी म्हनन, याडी खुश होती."

मांडव सुटून दहा-बारा दिवस झाले होते. मागे मांडव दिसणार कुठून? हे सांगायला मी तोंड उघडलं आणि थांबले. मागचं काहीच दिसणार नव्हतं. बाबांच्या लेन्सने मागे नुसते रंग उरतात. चार साड्या दोरीवर वाळत घातल्या तरी त्या मांडवासारख्याच दिसल्या असत्या.

दोन दिवसांनी मी मानोऱ्याची बस धरली आणि पुढे तांड्यावर गेले. मावशी हिरवी साडी नेसून, पदर घेऊन तयार होती. तिचा भाऊ रानात गेलेला. तिने शेजारणींना काही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघींनी तिच्या घरातल्या तीन साड्या आणि एक लाल चादर लिंबाच्या मागे दोरीवर टाकल्या. मी लग्नाच्या दिवशी उभी होते तिथेच, तेवढ्याच अंतरावर उभी राहिले आणि ऊन तसंच येण्याची वाट पाहिली. झापड मी काढून टाकलं होतं.

"हसा, मावशी."

ती हसली, पण ते हसू नव्हतं. स्क्रीनवर आता मला ते स्पष्ट दिसत होतं.

"असं नाई. खरं हसा."

"खरं कसं हसू? मले येतच नाई," ती तिकडून ओरडली. "तू काहीतरी बोल ना!"

इतकी वर्षं मी माणसांना हसा म्हणत आले होते, कुणाला हसवलं मात्र कधीच नव्हतं. मग मी तिला चाचांची गोष्ट सांगितली. दाढी वर, टोपी खाली, चाचा डोक्यावर उभे राहून चहा पिताहेत. आणि ती बाया-पोरींनी भरलेली खोली, "दुल्हन को उल्टा लटका दिया" म्हणून ओरडणारी. मावशी ऐकता ऐकता हसायला लागली. आधी पदरात, मग उघडच. "नवरीले उलटी टांगली?" म्हणून परत परत विचारायची आणि परत हसायची. मीही हसत होते. कॅमेरा हलत होता. आपण शेवटचं इतकं कधी हसलो, ते मला त्या क्षणी आठवेना.

मी काम संपवलं तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि स्क्रीनमध्ये डोकावली. पाहताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे मी हाव?" म्हणाली. बराच वेळ हात तिथेच होता.

सीडी गेली. मावशीचं हसणं त्यात नीट बसलं. आवाज काढून टाकून खाली सनई लावली, मागचे रंग मांडवाच्या रंगांत मिसळून गेले. कुणालाच फरक कळला नाही. मला वाटलं होतं की आता मला अपराधी वाटेल, कारण दुसऱ्याच्या लग्नात मी एक न घडलेली गोष्ट घुसवली होती. तसं वाटलं नाही. ते रडणं मी माझ्या टेपवरूनही पुसलं, मावशीच्या सांगण्यावरून.

त्यानंतर मावशी बाजाराच्या दिवशी कधी कधी दुपारी, जेवणाच्या वेळेला दुकानात यायची. काम काही नसायचं. जिना चढून वर यायची, पंच्यात बांधलेली भाकर आणि ठेचा काढायची, अर्धी मला द्यायची. आम्ही जमिनीवर बसून जेवायचो. फार बोलायचो असंही नाही. पोरीचा फोन आला का, पाऊस कुठं कुठं झाला, कोण कोण तोडीला गेलं. एकदा तिने विचारलं, "तुले भीती नाई वाटत एकटीले?" मी म्हटलं, "भीती नाई वाटत." तिने पुढचा प्रश्न विचारला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

तीन-चार वर्षं असं चाललं. मधल्या काळात नवे कॅमेरे आले, त्यांना मागचं विरघळवायला नळीबिळी लागत नाही. मी एक घेतला. चाचा दुकान पोराच्या हाती देऊन मुलीकडे अकोल्याला राहायला गेले आणि तिकडेच वारले. मला ते महिन्याभराने कळलं.

मग मावशीची पोरगी तिला न्यायला आली. ऊसतोडीला गेलेले पोरगी आणि जावई साखर कारखान्याच्या गावीच कायमचे राहिले होते, तिला दुसरं बाळ होणार होतं, आणि याडीला आता तांड्यावर ठेवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. त्या दोघी बस धरायला मंगरूळपीरला आल्या. मी स्टँडवर गेले. पोरीने मला ओळखलं.

"ताई, तुमी काढलेली सिडी अजून हाय माझ्यापाशी," ती म्हणाली. "पयल्या पयल्यांदा लय आठवन यायची याडीची, तवा थेच लावायची. कशी हासून राह्यली ना थे त्यात? मी घरी असताना असं हासताना कधी पाह्यलंच नोतं मी तिले. मले वाटे, चाल, माह्या जान्यानं कमीत कमी थे खुश तरी हाय."

मी मावशीकडे पाहिलं. मावशी गाठोडं बांधत होती. गाठ मारून झाली होती तरी ती बांधत होती. मग वर बघून तिने माझ्याकडे पाहिलं. चेहरा अगदी तसाच, गाडीकडे पोरीला ढकलतानाचा. मला एवढं कळलं की तिला माझ्यासमोर रडायचं नाही, आणि मीही रडायचं नाही.

बस लागली. पोरीने तिला खिडकीजवळ बसवलं. मावशीने खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला, "येत जाय" म्हणाली, जसं काही मी दोन घरं सोडून राहते. पोरीने मला नंबर दिला होता. सुरुवातीला मी दर महिन्याला फोन करायचे. मावशीला फोनवर बोलता यायचं नाही, ती नुसती "व्हय, व्हय" म्हणायची आणि फोन पोरीकडे द्यायची. पुढे तो नंबर लागेनासा झाला.

बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन. मी आता त्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच, अकरा वाजता जेवून घेते.